मोजून लावलेलं विरजण

आपल्या पोशीर परिसरात अंगणवाडीत वजनं होतात तेव्हा काटा हलला नाही, की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. "खायला घालत नाहीस का गं?" ती बिचारी घालत असते. चारलेलं अंगी का लागत नाही, याचा एक धागा उंदरांच्या पेटीतून सापडला. आज त्याचीच हकिगत.

आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. बरेचसे सोबतीच. पण प्रत्येकाच्या पोटातली ही वस्ती निराळी. दूध एकाच म्हशीचं असलं तरी शेजारणीचं दही आंबट आणि आपलं गोड होतं, कारण विरजण वेगळं. मग कोणता जिवाणू काय काम करतो, हे ओळखायचं कसं?

शास्त्रज्ञांनी त्यासाठी कोरी पोटं तयार केली. उंदरीच्या पोटातून शस्त्रक्रियेनं पिल्लं काढायची आणि बंद पेटीत वाढवायची. पेटीलाच हातमोजे बसवलेले, माणसाचा हात आत जातो तो त्यातूनच. हवा, पाणी, खाणं, सगळं निर्जंतुक. अशी पिल्लं जगतात, पण त्यांच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी फुगते. 'के' जीवनसत्त्वही खाण्यातून द्यावं लागतं, कारण ते बनवणारे जिवाणूच पोटात नसतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रसेल शेडलर आणि रेने ड्युबो यांनी १९६५ साली निरोगी उंदरांच्या पोटातले ठरावीक जिवाणू वेगळे वाढवले आणि या कोऱ्या पिल्लांना पाजले. मोजून लावलेलं विरजणच म्हणा ना! १९७८ मध्ये रॉजर ऑर्कट यांनी ती यादी सुधारून नेमक्या ८ जातींची केली. आता कोणता जिवाणू पोटात आहे आणि कोणता नाही, हे नक्की माहीत असलेले उंदीर मिळू लागले. पण ते विरजण उंदरांचं होतं, माणसाच्या लेकरांचं नव्हे.

तिथवर यायला आणखी बरीच वर्षं गेली. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे ताहमीद अहमद यांच्या गटांनी २०१४ मध्ये दाखवलं, की कुपोषित मुलाच्या आतड्यातली वस्ती त्याच्या वयाच्या मानानं मागे राहिलेली असते. मूल दीड वर्षाचं, पण पोटातले जिवाणू त्याहून लहान बाळासारखे. मग बांगलादेशी मुलांच्याच पोटातले निवडक जिवाणू कोऱ्या उंदरांना दिले, आणि कोणत्या खाण्यानं ती वस्ती वयात येते ते तपासलं. यातून हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्ची केळी यांचा आहार पुढे आला. आपल्याच परड्यातल्या आणि दुकानातल्या वस्तू की!

२०२१ मध्ये ढाक्याच्या मिरपूर भागातल्या १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. मुलं मध्यम कुपोषित होती. काहींना ३ महिने हा आहार दिला, काहींना नेहमीचा तयार पूरक आहार. नव्या आहारात कॅलरी कमी होत्या, तरी त्या मुलांची वाढ जास्त चांगली झाली. आमच्या मते "जास्त चार म्हणजे भरेल" या सल्ल्याला हे सणसणीत उत्तर आहे.

म्हणून उद्यापासून केळं-हरभरा वाटून पोराला भरवत बसू नका. त्या आहारात जीवनसत्त्वं मोजून घातलेली होती, आणि तीव्र कुपोषित मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना दवाखान्यातच न्यायचं. अंगणवाडीचा आहारही बंद करायचा नाही.

२०२४ मध्ये त्याच गटानं पुन्हा उंदरांकडे वळून पाहिलं. मोजून घेतलेले जिवाणू यावेळी उंदरीला दिले, तिच्याकडून ते पिल्लांना गेले. काही मिश्रणात प्रिव्होटेला कोप्री नावाचा एक जिवाणू होता, काहींत नव्हता. खाणं तेच, पण तो जिवाणू ज्यांच्या पोटात होता त्या पिल्लांचं वजन जास्त वाढलं.