नांदुऱ्यातील उन्हाळी परसबाग : भेंडीची लागवड फेब्रुवारीतच उरका

नांदुरा परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो आणि ४२ अंशांपुढे भेंडीची फुले गळतात. त्यामुळे परसबागेतील लागवड फेब्रुवारीतच उरकावी. बी रात्रभर पाण्यात भिजवून ३० × १५ सें.मी. अंतरावर टोकावे. केवडा रोगाला प्रतिकारक ‘परभणी क्रांती’ वाण निवडावा. साधारण दीड ते दोन महिन्यांत तोडणी सुरू होते, म्हणजे कडक ऊन तापण्याआधीच भाजी घरात येते. सरीत तुरीचे कुटार पसरावे, पाणी संध्याकाळी द्यावे. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे असते. वाफ्यावर पांढरा थर दिसल्यास ते पाणी थांबवून भाज्या-धान्य धुतलेले पाणी वापरावे.