चित्रकलेत ‘मास्टर’ करायचंय? कडोदऱ्याहून बडोदा जवळ, पण दाखला आधी बघा

कडोदरा : चार रस्त्यापासून पलसाण्यापर्यंतच्या मिलांत साडीवर जे फूल-वेल छापलं जातं, त्यामागे कुणाचा तरी हात असतो. नंदुरबार, धुळे, जळगावकडून तापी लाइनीने इकडे आलेल्या आपल्या घरांतली काही पोरं-पोरी याच डिझाइनच्या कामात आहेत. काहींनी चित्रकलेची पदवीही घेतली आहे. आता पुढे काय? एम.कॉम. म्हटलं की घरच्यांना लगेच कळतं. ‘समकालीन कलेत पदव्युत्तर’ म्हटलं की वडील विचारतात, चार वर्षं चित्रंच काढली ना, आता आणखी काय शिकायचं? त्यासाठी ही माहिती.

पदव्युत्तरमध्ये वेगळं काय?

पदवीच्या चार वर्षांत हाताला वळण लागतं. रेखाटन, रंग, मातीकाम, छापा, सगळं मास्तर सांगतील तसं. पुढच्या दोन वर्षांत विषय कुणी देत नाही, तो आपणच शोधायचा. मिलमध्ये पार्टी सांगते, ‘असंच पाहिजे, रंग बदलून द्या.’ इथे पार्टी नसते. उलट शिक्षक विचारत राहतात : हेच का काढलं? कॅनव्हासच का, कापड का नाही? समकालीन कलेत फोटो, व्हिडिओ, मांडणशिल्प, आवाज, जुनं सामान, काहीही माध्यम चालतं. पण ते का घेतलं याचं उत्तर द्यावं लागतं. त्याला जोडून कलेचा इतिहास आणि लेखी काम असतं. शेवटी कामं मांडून परीक्षकांसमोर उभं राहायचं.

मिलचा अनुभव वाया जात नाही. प्रभाकर बरवे यांनी जे.जे. झाल्यावर १९६१ पासून पुढची अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. के. जी. सुब्रमण्यन यांनीही हातमाग मंडळात डिझाइनचं काम केलं होतं. दोघंही आधुनिक भारतीय कलेतली मोठी नावं.

बडोदाच का?

कडोदऱ्याहून सुरत गाठलं की पुढे बडोदा रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. आणि नातं जुनं आहे. महाराजा सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या काळात १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख सुरतचे त्रिभुवनदास गज्जर. रंगाई-छपाईचं शास्त्र तिथे तेव्हापासून शिकवलं जायचं. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके जे.जे.नंतर याच कलाभवनात शिकले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, तिथली ललित कला शाखा १९५० ची. चित्रकला विभाग उभा केला तो ना. श्री. बेंद्रे यांनी. भूपेन खख्खर हे तर मुंबईचे सी.ए.; १९६२ मध्ये कलासमीक्षा शिकायला बडोद्याला आले आणि पुढे कित्येक वर्षं हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढत राहिले. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

इथे चित्रकला, शिल्प, छापाचित्रण, उपयोजित कला आणि कला-इतिहास हे विभाग आहेत. संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रमही आहे.

इतर पर्याय : सुरतेत वीर नर्मद विद्यापीठाचा ललित कला विभाग, मुंबईचं सर जे. जे. (स्थापना १८५७, २०२३ पासून अभिमत विद्यापीठ). पणजीचं गोवा कला महाविद्यालय (१९७२). शांतिनिकेतनचं कलाभवन (१९१९).

खरी अडचण दाखल्याची

आपल्या सीमेवरच्या घरांचं घोडं इथेच अडतं. शाळा-कॉलेज गुजरातेत, जातीचा दाखला महाराष्ट्राचा. अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. प्रकरण मुंबईच्या एका मेडिकल प्रवेशाचंच होतं. वडील नोकरीसाठी आंध्रातून आलेले. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी तेच, हे १९९४ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं. म्हणजे बडोद्यात आपला दाखला आरक्षणाला चालेलच असं नाही. उलट महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून जायचं तर अधिवास आणि शिक्षण कुठे झालं ते बघतात. पोरगं दोन्हीकडून लटकतं.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, कुटुंब गुजरातेत कधी आलं त्याचे पुरावे काढून ठेवा. दोन, दाखल्याबद्दल प्रवेश विभागात फॉर्म भरण्याआधीच विचारा. तीन, शांतिनिकेतनसारख्या केंद्रीय विद्यापीठाचाही अर्ज भरा. तिथे अनुसूचित जाती-जमातीसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो.

तयारी आणि खर्च

फाइलमध्ये स्वतःचीच कामं ठेवा. मिलची डिझाइनं मिलची असतात, ती विचारल्याशिवाय लावू नका. मोजकी पण एका धाग्यातली कामं ढीगभर सुट्या कामांपेक्षा बरी. मुलाखतीत ‘हे का केलं’ हे विचारतातच. गुजराती, हिंदी, इंग्रजी, जमेल त्यात सरळ बोलायची सवय करा. मराठीत वाचायचं तर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ जरूर वाचा.

हिशेब मांडताना नुसती फी धरू नका. रंग, कागद, कापड, फ्रेम आणि राहण्याचा खर्च वेगळा. १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. कॉलेजात शिकवायचं तर ‘दृश्यकला’ विषयात नेट देता येते. चित्रं विकून घर चालेल याची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. घरात हे आधीच बोलून घ्यावं.

बडोद्यात वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांची कामं मांडतात आणि बाहेरच्या लोकांनाही ती बघता येतात. फॉर्म भरण्याआधी आई-वडिलांनी पोरीबरोबर एकदा जाऊन यावं. सकाळची गाडी धरली तर रात्री घरी परत.