आपट्याच्या पानाचं सोनं

दसरा जवळ आला की घराघरात एक गोष्ट सांगितली जाते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स, गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा, आणि रघुराजाच्या धाकाने कुबेराने आपट्याच्या झाडावर पाडलेला सोन्याचा पाऊस. मी ती आजीकडून ऐकली, पुढे भाच्यांना सांगितली.

गंमत अशी की ही गोष्ट कालिदासाच्या रघुवंशात आहे, पाचव्या सर्गात, पण तिथे आपटा नाही आणि दसराही नाही! विश्वजित यज्ञात रघूने होतं नव्हतं ते देऊन टाकलेलं. दारी आलेल्या कौत्साला अर्घ्य द्यायला मातीचं भांडं काय ते उरलेलं. राजा कुबेरावर चालून जायचं ठरवतो, रात्री रथातच झोपतो, आणि सकाळी कोषागाराचे अधिकारी सांगत येतात की आत सोन्याचा पाऊस पडलाय. मग राजा म्हणतो सगळं ने, आणि कौत्स म्हणतो गुरूंना द्यायचंय तेवढंच पुरे.

उरलेल्या सोन्याचा ढीग झाडाखाली घातला आणि लोकांनी तो लुटला, हा भाग आपल्या लोकांनी जोडलेला. मला विचाराल तर मला तोच जास्त आवडतो. कालिदासाकडे सोनं राजवाड्याच्या आत पडतं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते वेशीबाहेर काढलं आणि गावाला वाटून टाकलं.

बरं, झाड तरी आपट्याचंच का? खरा मान शमीचा. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली, हे विराटपर्वात येतं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात आजही शमीपूजन होतं. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधू लिहिला. त्यात म्हटलंय की दुपार टळल्यावर गावाच्या ईशान्येला जाऊन शमीची पूजा करावी, शमी नसेल तर अश्मंतकाची. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. थोडक्यात, आपटा हा बदली खेळाडू! आणि घरी काय आणायचं? तर शमीच्या मुळाशी असलेली ओली माती, अक्षतांसकट, वाजतगाजत. पानाच्या गड्ड्या नव्हेत.

माती हा शब्द वाचला आणि मला घट आठवला. घटस्थापनेला शेतातली माती आणून त्यात धान्य पेरायचं, नवव्या दिवशी उगवलेले पिवळसर कोंब देवाला वाहायचे आणि दसऱ्याला ते पुरुषांनी टोपीत खोवायचे. पुढे रब्बीची पेरणी असते. बी कसं उगवतंय ते देवघरातच कळायचं. कोकणात भाताच्या नव्या लोंब्या तोरणात गुंफतात. (तोरणातला झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोकडचा बरं का. त्याच्याशिवाय दसरा, ही कल्पना तरी करवते का?)

शेतकऱ्याचा हा सण शिपायाचाही होता, कारण दोघंही बहुतेक वेळा एकच. पावसाळ्यात नद्यांना पूर, वाटांवर चिखल, घोड्यांना चालवत नाही. चार महिने घरी राहून खरीप बघायचा, खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, दशमीला सीमोल्लंघन, आणि मग मुलूखगिरी. परत येताना खरंखुरं सोनं आणायचं, निदान बेत तरी तसा. पण ओसरलेली नदी कुणा एकाची नसते. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेने कुंजपुरा घेतला आणि दसरा तिथेच साजरा झाला. त्याच महिन्यात, काही दिवसांतच, अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पुढचं पानिपत आपल्याला माहीत आहेच.

ओलांडायच्या सीमा सगळ्यांच्या सारख्या नसतात, हेही खरं. ज्यांना गावातल्या मिरवणुकीत जागाच नव्हती, त्यांनी सीमा कुठली ओलांडायची? १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजही त्या दिवशी दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो. दसऱ्याचा इतिहास सांगताना रघुराजापाशी थांबून चालत नाही.

आता थोडं कडू. पूर्वी आपण झाडाकडे जायचो, आता झाड तोडून आपल्याकडे येतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाजारात फांद्यांचे ढीग लागतात, दुसऱ्या दिवशी तेच रस्त्याच्या कडेला पायदळी. त्यातही बऱ्याचदा आपटा नसतोच, कांचन असतो. म्हणजे शमीला बदली आपटा, आणि आपट्याला बदली कांचन.

आमच्याकडे गेली काही वर्षं घरात एकच पान आणतो. देवापुढे ठेवतो, आणि भेटायला येणाऱ्यांना तिळगुळासारखं काहीतरी गोड हातावर ठेवतो. आमच्या काकांना हे अजिबात पटलेलं नाही. "सोनं म्हणून पेढा देतोस?" असं ते दरवर्षी ऐकवतात आणि पेढा खातात. (काका, वाचताय ना?)

अंगणात जागा असेल तर पावसाच्या सुरुवातीला आपट्याचं रोप लावा. मात्र नीट बघून घ्या, आपटा मागितला तर कांचन हातात पडायची शक्यता फार. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं चांगलं तळहाताएवढं होतं. आणि फुलं आलेली असतील तर प्रश्नच नाही: कांचनाची गुलाबी-जांभळी, आपट्याची पांढुरकी पिवळट.