एका मूर्तीचे तीन पृष्ठभाग

बर्लिनच्या बोडे संग्रहालयात चार लाकडी पुरुष बसलेले आहेत. मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन, म्हणजे ख्रिस्ताच्या चार चरित्रांचे कर्ते. लाकूड तपकिरी, चेहरे विचारमग्न, रंगाचा मागमूस नाही. पाहणाऱ्यास सहज वाटते की हेच पाचशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचे निर्मळ, अनलंकृत काम. आजचा धागा या समजुतीविषयी आहे. ती निम्मी खरी आहे, आणि उरलेल्या निम्म्या भागाची कथा अधिक रंजक आहे.

मध्ययुगीन युरोपात लाकडी धर्ममूर्ती कोरून झाली म्हणजे ती पूर्ण झाली असे कोणी मानत नसे. दक्षिण जर्मनीत लिंडेन वृक्षाचे मऊ, एकजीव लाकूड वापरत. ओंडका वाळताना तडकू नये म्हणून मूर्तीची पाठ आतून पोखरून पोकळ करीत. कोरीवकाम संपल्यावर लाकडाला सरस पाजत, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवत आणि त्यावर खडूची पूड व सरस यांच्या लेपाचे थर चढवत. हा पांढरा लेप सुकला की तो घासून गुळगुळीत करीत. जिथे सोने हवे तिथे तांबड्या मातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि तो चमकेपर्यंत घोटणे. वस्त्राच्या अस्तराला अझुराइट या खनिजाचा निळा. चेहऱ्याची कांती सर्वांत अवघड; गालांची लाली, ओठ, पापण्या, अखेर बुबुळे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सराईत हाताकडेच का सोपवतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला यामागचे तर्कशास्त्र वेगळे सांगायला नको.

म्हणजे रंग हा वरचा साज नव्हता. लाकडाला संताचे रूप येई ते रंगाने.

या पार्श्वभूमीवर १४९० साली व्युर्त्सबुर्गचा शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर याने म्युनरश्टाट या लहानशा गावाशी करार केला. गावच्या चर्चसाठी मेरी मॅग्डलीनचे वेदीशिल्प हवे होते. वेदीमागे उभारलेले उंच लाकडी कपाट असावे तशी त्याची रचना. मध्ये मूर्ती, दोन्ही बाजूंना उघडझाप होणारी, उठावशिल्पे कोरलेली दारे. मधोमध मॅग्डलीन, अंगभर कुरळ्या केसांनी झाकलेली, देवदूतांनी अलगद वर उचललेली. चार चरित्रकर्ते तिच्या पायाखालच्या चौथऱ्यात बसलेले. १४९२ मध्ये काम पूर्ण झाले आणि रीमेनश्नायडरला १४५ गुल्डन मिळाले.

हे शिल्प त्याने रंगवले नाही. वस्त्रांच्या पृष्ठभागांवर त्याने बारीक हत्यारांनी पोत उठवला होता. खडूच्या लेपाखाली तो बुजूनच गेला असता. त्याच्या अशा बिनरंगी शिल्पांच्या तपासणीत आढळते ते इतकेच: लाकडावर पारदर्शक तपकिरी झिलई, आणि डोळ्यांना व ओठांना किंचित रंग. छायाप्रकाशाचा खेळ साधायचा तो केवळ छिन्नीने. बिनरंगी ठेवलेल्या जर्मन वेदीशिल्पांपैकी हे अगदी आरंभीचे मानले जाते.

असे का केले असावे, यावर विद्वानांचे मतभेद आहेत. कोणी खर्चाकडे बोट दाखवतात, कोणी छापील काष्ठमुद्रांनी घडवलेल्या नव्या अभिरुचीकडे, कोणी प्रतिमांच्या झगमगाटाविषयी वाढत चाललेल्या अस्वस्थतेकडे. मला पहिले कारण एकटे पुरेसे वाटत नाही. पैसे वाचवायचेच असते, तर पोत उठवण्याचे इतके वेळखाऊ काम कोण करील?

गावकरी सुमारे बारा वर्षे या उघड्या लाकडासमोर प्रार्थना करीत राहिले. त्यानंतर मंचावर आला दुसरा माणूस, आणि तो काही सामान्य रंगारी नव्हता.

फाइट श्टोस. क्राकुव्हच्या सेंट मेरी चर्चमधील प्रचंड, सोन्यानिळ्याने उजळलेले वेदीशिल्प (१४७७ ते १४८९) त्याचेच. १४९६ मध्ये तो न्युरेंबर्गला परतला. तिथे एका व्यापाऱ्याच्या व्यवहारात त्याची पुंजी बुडाली. ज्याच्या सल्ल्याने पैसे गुंतवले होते, त्याच्याकडून ते वसूल करण्यासाठी श्टोसने त्याच्या नावाचा बनावट रोखा तयार केला. लबाडी उघडकीस आली. अशा गुन्ह्याला त्या काळी मृत्युदंडही होत असे. तो टळला, पण डिसेंबर १५०३ मध्ये भर चौकात तापलेल्या लोखंडाने त्याचे दोन्ही गाल डागण्यात आले आणि परवानगीविना शहर सोडण्यास मनाई झाली. पन्नाशी उलटलेला हा कलावंत १५०४ मध्ये तरीही निसटला आणि मुलीच्या सासरी आश्रयास गेला. ते गाव म्युनरश्टाट.

तिथे गावाने त्याला काम दिले: रीमेनश्नायडरचे वेदीशिल्प रंगवणे, त्यावर सोने चढवणे आणि दारांच्या मागच्या बाजूस संत किलियानच्या कथेची चार चित्रे काढणे. मोबदला २२० गुल्डन. मूळ शिल्पकारास मिळालेल्या रकमेहून हा दीडपट आहे. त्यात चार चित्रांची मजुरी आणि महागडी सामग्री होती हे मान्य केले, तरी गावाने रंगाची किंमत काय मानली ते या दोन आकड्यांत दिसते. रीमेनश्नायडर तेव्हा हयात होता, व्युर्त्सबुर्गमध्ये नामांकित होता, आणि त्याच्या छिन्नीच्या सूक्ष्म खुणांवर दुसऱ्या उस्तादाच्या हातचा लेप चढत होता.

याला विटंबना म्हणावे का? आजच्या नजरेला तसे वाटू शकते. पण भाविकाची बाजूही ऐकली पाहिजे. मंद उजेडाच्या चर्चमध्ये दूर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वस्त्राचा पोत दिसत नव्हता. त्याला त्याची संत दिसायला हवी होती. माझ्या मते गावकऱ्यांनी शिल्प बिघडवले नाही, त्यांच्या लेखी जे अपुरे होते ते पुरे करून घेतले.

पुढचा अध्याय खेदाचा आहे. सतराव्या शतकात चर्चची सजावट बदलली आणि वेदीशिल्प मोडले गेले. त्याचे तुकडे पुढे विखुरले; मॅग्डलीन आज म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे, चरित्रकर्ते बर्लिनला, आणि गावात मूळ अवशेष व प्रतिकृती जोडून पुन्हा उभारलेले शिल्प. श्टोसची चार चित्रे गावातच राहिली. त्याने मूर्तींवर दिलेला रंग मात्र उतरवला गेला.

एकोणिसाव्या शतकात उघड्या लाकडाचे वेड वाढले होते. संग्राहकांना आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना रंग म्हणजे नंतरची खेडवळ भर वाटे. क्षारयुक्त द्रावणांनी असंख्य मूर्ती धुतल्या गेल्या. ज्यांचा रंग मूळचाच होता त्याही. मूळ बिनरंगी मूर्तींच्या बाबतीत तर दुहेरी नुकसान झाले, कारण अशा धुण्यात रंगाबरोबर खालची मूळ झिलईही निघून जाते. म्हणून बर्लिनमध्ये आपण जे ‘शुद्ध लाकूड’ पाहतो, ते १४९२ चे रूप नव्हे आणि १५०४ चेही नव्हे. ते तिसरेच आहे. उघड्या लाकडाची कल्पना रीमेनश्नायडरची, पण हा उघडा पृष्ठभाग त्याचा नाही.

श्टोसविषयी एक गोष्ट राहिली. १५०५ मध्ये तो न्युरेंबर्गला परतला, पुढे सम्राट मॅक्सिमिलियनकडून त्याला माफी मिळाली. १५२० ते १५२३ या काळात त्याने आपले अखेरचे मोठे वेदीशिल्प घडवले, न्युरेंबर्गच्या कार्मेलाइट मठासाठी. त्या मठाचा प्रमुख त्याचाच मुलगा आंद्रेआस होता. ज्याने एकेकाळी दुसऱ्याचे उघडे लाकूड सोन्यारंगाने झाकले, त्या म्हाताऱ्याने हे शिल्प मात्र बिनरंगी ठेवले.

आंद्रेआसने त्याच्या देखभालीसाठी लेखी सूचना करून ठेवल्या. शिल्पाची दारे मोठ्या सणांनाच उघडावीत. वर्षातून दोनदा धूळ झटकावी. वेदीवर मोठ्या मेणबत्त्या लावू नयेत, धूर बसतो. आणि पुढच्या कोणत्याही मठप्रमुखाने ते सहजासहजी रंगवून घेऊ नये; का ते कोणीही जाणकार उस्ताद सांगेल. धर्मसुधारणेच्या लाटेत न्युरेंबर्गचा मठ बंद झाला आणि १५४३ मध्ये शिल्प बांबेर्गला गेले. आज ते तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे, लाकूड उघडेच.