घाट, विजेची मोटार आणि पुढचा थांबा

विजेच्या मोटारीने दूरच्या डोंगराळ मुलखात जायचे ठरले की घरातला एकजण तरी हमखास विचारतो, ‘वाटेत बॅटरी उतरली तर?’ हा प्रश्न आजचा वाटतो खरा, पण तो मोटारीइतकाच जुना आहे. सुरुवातीला तो पेट्रोलच्या गाडीलाही चुकला नव्हता. माणसांनी त्याची उत्तरे वेळोवेळी कशी शोधली, हे पाहिले तर चढ, अंतर आणि ऊर्जा यांचा संबंध आपल्याला चांगला समजतो. वर्गात शिकवायलाही हा विषय सोयीचा आहे, कारण त्यात शालेय भौतिकशास्त्रापलीकडचे गणित फारसे लागत नाही.

सुरुवात पेट्रोलपासूनच करू. ऑगस्ट १८८८मध्ये जर्मनीतील बर्था बेंझ यांनी ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन, पती कार्ल बेंझ यांनी बनवलेल्या मोटारीतून मानहाइम ते फॉर्झहाइम असा सुमारे १०६ किलोमीटरचा प्रवास केला. त्या काळी पेट्रोलपंप अस्तित्वातच नव्हते. गाडीला लागणारे लिग्रोइन हे खनिज तेलापासून मिळणारे द्रावण औषधाच्या दुकानात मिळे. बर्थाबाईंनी ते वीसलोख गावातल्या औषधविक्रेत्याकडून विकत घेतले. चढावर इंजिनाची ताकद अपुरी पडली तेव्हा गाडी ढकलावी लागली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, म्हणून एका चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. या अनुभवानंतर चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवण्यात आला. इंधन कोठे मिळेल, चढ झेपेल का आणि उतार सांभाळता येईल का, हे तिन्ही प्रश्न या पहिल्याच लांबच्या प्रवासात पुढे आलेले दिसतात.

विजेची मोटार त्या वेळी मागे नव्हती. १९०० साली अमेरिकेत ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १६८१ वाफेवर, १५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची गाडी शांत होती, धूर सोडत नव्हती आणि ती सुरू करण्यासाठी हँडल मारावे लागत नव्हते. शहरात ती उत्तम चाले. शहराबाहेर मात्र तिच्याबद्दल शंका घेतली जाई.

ही शंका दूर करायचे डेन्व्हर येथील रसायनज्ञ व मोटारउत्पादक ऑलिव्हर फ्रिचल यांनी ठरवले. एकदा बॅटरी भरली की आपली गाडी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाते, असा त्यांचा दावा होता. नेब्रास्कातील लिंकन ते न्यूयॉर्क अशा शर्यतीचे आव्हान त्यांनी इतर कारखानदारांना दिले. ते कोणीच स्वीकारले नाही. तेव्हा १९०८च्या ऑक्टोबरअखेर ते स्वतःच निघाले आणि सुमारे महिनाभरात, जवळजवळ १८०० मैल म्हणजे २९०० किलोमीटर अंतर कापून न्यूयॉर्कला पोचले. बॅटरी भरून घेण्यासाठी ते वाटेतल्या गावांमधील वीजघरांचा आणि गॅरेजचा आधार घेत.

आता आपण थोडा हिशेब करू. फ्रिचल यांच्या गाडीचे वजन सुमारे ९५० किलो होते आणि त्यातले ३६० किलो एकट्या बॅटरीचे होते. त्या काळच्या शिशाच्या बॅटरीत किलोमागे २५ ते ३० वॅट-तास ऊर्जा मावे असे धरले, तर एकूण साठा सुमारे १० युनिटचा होतो. आपल्या विजेच्या बिलात येते तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास किंवा ३६ लाख ज्यूल. माणसे आणि सामान धरून ११०० किलोची ही गाडी ५०० मीटर चढली, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ५४ लाख ज्यूल, म्हणजे दीड युनिट. मोटर आणि बॅटरीतली गळती मिळवली की जवळजवळ दोन युनिट. शंभर मैलांच्या साठ्यातला पाचवा हिस्सा त्या एका चढात संपला! न्यूयॉर्कच्या वाटेवर ॲलेगेनी डोंगररांगा आडव्या येतात, हे लक्षात घेतले की फ्रिचल यांच्या धाडसाची कल्पना येते. त्यांच्या गाडीत उताराला मोटरच जनित्र बनून थोडी वीज बॅटरीत परत भरत असे. आजच्या गाड्यांतही हेच तत्त्व वापरतात.

असे असूनही विजेची गाडी मागे का पडली? नेहमीचे उत्तर असते, बॅटरी कमकुवत होती म्हणून. ते खोटे नाही, पण आमच्या मते ते अपुरे आहे. तीच दहा युनिटे पेट्रोलच्या भाषेत मांडून पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट उष्णता असते. त्या काळच्या इंजिनाने तिचा सहावा हिस्सा चाकापर्यंत पोचवला असे धरले, तर लिटरमागे दीड युनिट काम मिळते. बॅटरीतल्या दहा युनिटांपैकी सात चाकाला मिळाली, तर ३६० किलोची ती बॅटरी पेट्रोलच्या पाच लिटरच्या एका डब्याच्या बरोबरीची ठरते. असा डबा हातात धरून नेता येतो आणि तो आडगावातल्या वाण्याच्या दुकानातही ठेवता येतो. वीज अशी डब्यात भरून नेता येत नाही. तिच्यासाठी तारा लागतात आणि तारा खेड्यांत पोचल्याच नव्हत्या. १९३५च्या सुमारासही अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे वीज होती. शिवाय बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. ज्या गावात प्रत्यावर्ती प्रवाह असे, तेथे तो बदलून घेण्याचे यंत्रही हवे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि पेट्रोलच्या गाडीचे हँडल मारण्याचे कष्टही सरले.

पुढे साठ वर्षांनी हीच परीक्षा पुन्हा घेतली ती विद्यार्थ्यांनी. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेचा विद्यार्थी वॉली रिपेल याने मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीच्या विद्यार्थ्यांना शर्यतीचे आव्हान दिले. २६ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलटेकची फोक्सवॅगन बस पॅसाडेनाहून पूर्वेकडे आणि एमआयटीची कॉर्व्हेर केंब्रिजहून पश्चिमेकडे निघाली. दोन्ही गाड्या पेट्रोलच्या होत्या, विद्यार्थ्यांनी त्या विजेवर चालणाऱ्या करून घेतल्या होत्या. अंतर सुमारे ५३०० किलोमीटर होते. या वाटेवर वीज कंपन्यांच्या मदतीने ५४ चार्जिंग थांबे उभारण्यात आले, म्हणजे सरासरी शंभर किलोमीटरच्या आसपास एक.

अडचणी खूप आल्या. एमआयटीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या भराभर भरताना इतक्या तापत की त्यांच्यावर बर्फ टाकावा लागे. कॅलटेकची मोटर वाटेत जळाली आणि नवी मागवावी लागली. मुक्कामी पहिली पोचली एमआयटीची गाडी, पण काही अंतर तिला ओढून न्यावे लागले होते आणि त्याबद्दल वेळेचा दंड बसला. दंड धरून सुमारे २१० तासांच्या या शर्यतीत कॅलटेकची मुले केवळ अर्ध्या तासाच्या फरकाने विजयी ठरली. रिपेल यांनी पुढे जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ या विजेच्या मोटारीच्या विकासातही भाग घेतला.

या शर्यतीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. थांब्यांमधले ‘सरासरी’ अंतर प्रवाशाच्या उपयोगाचे नसते. त्रेपन्न थांबे पन्नास-पन्नास किलोमीटरवर असले आणि एकच दोनशेवर असला, तर गाडी तेथेच अडते. प्रवास ठरतो तो सर्वांत मोठ्या मोकळ्या टप्प्यावर, आणि त्या टप्प्यात चढ किती आहे यावर.

आपल्याकडे हे दाखवण्यासाठी मनाली-लेह रस्त्याइतके चांगले उदाहरण नाही. लाहौलमधील तांदी येथील पेट्रोलपंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी अनेक वर्षे प्रवाशांत प्रसिद्ध होती. पेट्रोलवाले तेथे टाकी भरून घेत, शिवाय डबेही भरून घेत. विजेच्या गाडीला डब्याची सोय नाही, म्हणून तिचा हिशेब अधिक काटेकोर हवा.

केलाँगची उंची सुमारे ३०८० मीटर आणि लेहची ३५००. वजाबाकी केली तर फरक जेमतेम चारशे मीटर. पण मध्ये बारालाचा ला (सुमारे ४८९० मीटर), लाचुंग ला (५०६०) आणि तंगलंग ला (५३००) या खिंडी आहेत आणि त्यांच्यामध्ये रस्ता पुन्हा खाली उतरतो. सगळे चढ मिळवले तर ते तीन हजार मीटरांहून अधिक भरतात. माणसांसह १८०० किलोची गाडी हजार मीटर चढली की सुमारे ५ युनिट खर्ची पडतात. सपाटीवर शंभर किलोमीटरला १५ युनिट धरले, तर हजार मीटरचा चढ म्हणजे आणखी तेहतीस-एक किलोमीटरचा रस्ता. उतरताना यातला बराच भाग परत मिळतो, सगळा नाही. शिवाय खर्च आधी होतो आणि परतफेड नंतर मिळते, म्हणून खिंडीच्या माथ्यावर पोचताना बॅटरीत पुरेशी शिल्लक हवी. उलट, माथ्यावरच बॅटरी पूर्ण भरून घेतली तर उतारावर मिळणारी वीज साठवायला जागाच राहत नाही.

थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि गाडी आतून गरम ठेवण्यासाठीही वीज लागते. ही बाजू नुकसानीची. फायद्याची बाजूही आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो आणि पेट्रोलचे साधे इंजिन दमते. विजेच्या मोटरीला प्राणवायू लागत नाही, त्यामुळे तिची ताकद तशीच राहते. २०१७ साली हिमाचल प्रदेशात मनाली-रोहतांग मार्गावर विजेची बस सुरू झाली. रोहतांगची उंची सुमारे ३९८० मीटर आहे, म्हणजे उंचीमुळे विजेचे वाहन अडत नाही हे सिद्ध झाले.

वर्गात हा विषय घेताना लेहपर्यंत जाण्याची गरज नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आणि लोणावळा सुमारे ६२० मीटरवर आहे. मुलांना १६०० किलोची गाडी बोरघाट चढवायला सांगावी. उत्तर सुमारे अडीच युनिट येईल. मग आपल्या जवळचा घाट निवडून, नकाशावरून त्यातले सगळे चढ वेगवेगळे मोजायला लावावेत. नुसती दोन टोकांची वजाबाकी करणारा विद्यार्थी कोठे फसतो, ते त्याचे त्यालाच दिसेल.

आणि एवढा हिशेब झाल्यावर आणखी एक प्रश्न मुलांपुढे ठेवावा. वीसलोखला औषधविक्रेता होता, १९०८ साली गावोगावची वीजघरे होती, १९६८ साली वीज कंपन्यांनी ५४ थांबे दिले. आपल्या घाटातल्या सर्वांत मोठ्या मोकळ्या टप्प्यावर एकच थांबा उभारायचा झाला, तर तो कोणत्या गावात असावा, त्याला वीज कोठून यावी आणि तो कोणी सांभाळावा? याचे उत्तर सूत्रात सापडत नाही. त्यासाठी मुलांना त्या गावात जाऊन चौकशी करावी लागेल.