हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) : मस्जिद-ए-नबवीत जखमींची सेवा करणाऱ्या सहाबिया

इस्लामच्या इतिहासातील पहिल्या परिचारिका म्हणून हजरत रुफैदा (रजि.) यांचं नाव आदराने घेतलं जातं. त्या अरबस्तानातील अस्लम कबिल्याच्या, म्हणून ‘अस्लमिया’. वडिलांचं नाव सअद. जुन्या ग्रंथांत त्यांच्याविषयी मोजक्याच ओळी आहेत, पण त्या ओळी फार मोलाच्या आहेत.

खंदकची लढाई

सन ५ हिजरी, म्हणजे इ.स. ६२७. मदिनेला शत्रूचा वेढा पडला होता. औस कबिल्याचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवलं. हा तंबू मस्जिद-ए-नबवीतच होता. सरदार जवळ राहावेत, त्यांची विचारपूस करता यावी, हा त्यामागचा हेतू. प्रेषित (स.) सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन तब्येत विचारत. रक्त थांबावं म्हणून जखम डागण्यात आली. पण पुढे ती पुन्हा फुटली आणि सअद (रजि.) शहीद झाले.

इब्ने इस्हाक यांच्या सीरतमध्ये आणखी एक गोष्ट येते. ज्या जखमींना कुणी बघणारं नसे, त्यांची खिदमत रुफैदा (रजि.) सवाबच्या आशेने करत. म्हणजे कबिल्याचा सरदार आणि बेवारस गरीब, दोघांनाही तोच तंबू खुला होता.

खैबर

इब्ने सअद यांनी कुऐबा बिन्ते सअद अस्लमिया (रजि.) यांची अशीच नोंद दिली आहे. मस्जिदीत तंबू, तिथे आजारी-जखमींवर उपचार. सन ७ हिजरीत (इ.स. ६२८) त्या खैबरला हजर होत्या आणि त्यांना पुरुषाइतकाच हिस्सा मिळाला. काही अभ्यासक या दोघींना एकच मानतात, तर काही बहिणी.

त्या एकट्या नव्हत्या

हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांवर गेल्या. तिथे त्या स्वयंपाक करत, जखमींवर मलमपट्टी करत. हजरत रुबैअ बिन्ते मुअव्विज (रजि.) आणि इतर स्त्रिया सैनिकांना पाणी पाजत आणि जखमींना मदिनेला परत आणत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेल्या त्या १८५४ साली, म्हणजे बाराशेहून अधिक वर्षांनंतर.

आजची आठवण

दिल्लीतील जामिया हमदर्दच्या नर्सिंग कॉलेजला रुफैदा यांचं नाव आहे. बहारीनमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

मुलीने नर्सिंगला जायचं म्हटलं की आपल्याकडे काही घरांत अजूनही ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न येतो. त्या घरांनी एवढंच आठवावं : खुद्द प्रेषितांनी (स.) आपला जिवलग साथी एका परिचारिकेच्या हाती सोपवला होता, आणि तिच्या तंबूला जागा दिली होती ती आपल्या मस्जिदीत.