मोफत दिवाणी विधी साहाय्य (वरोरा तालुका)

मोफत दिवाणी विधी साहाय्य म्हणजे आर्थिक वा सामाजिक दुर्बलतेमुळे वकील करू न शकणाऱ्या व्यक्तीस जमीन, वारसा, पोटगी, नुकसानभरपाई इत्यादी वादांत शासनाच्या खर्चाने मिळणारी कायदेविषयक सेवा होय. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे ती तालुका विधी सेवा समितीमार्फत दिली जाते.

पार्श्वभूमी

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३३ अन्वये निर्धन व्यक्तीस न्यायालय शुल्क आधी न भरता दावा दाखल करण्याची मुभा होती. परंतु ती प्रामुख्याने शुल्कापुरती सवलत होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला व मोफत विधी साहाय्याची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला.

रचना

राष्ट्रीय व राज्य प्राधिकरणांच्या खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असून जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. तालुका समितीचे अध्यक्षपद तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. दिवाणी प्रकरणे समितीच्या यादीवरील वकिलांकडे सोपविली जातात. गावपातळीवर माहिती देणे व अर्ज लिहून देणे ही कामे विधी स्वयंसेवक करतात.

पात्रता

अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, मानवी व्यापार वा वेठबिगारीचे बळी आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तींनी ग्रस्त व्यक्ती उत्पन्नाचा विचार न करता पात्र ठरतात. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. मात्र दावा वा बचाव करण्याजोगे सकृद्दर्शनी प्रकरण असणे आवश्यक असते.

सेवेचे स्वरूप

वकिलाची फी, न्यायालय शुल्क, कागदपत्रांचा मसुदा व टंकलेखन, प्रमाणित प्रती आणि भाषांतर यांचा खर्च या सेवेत येतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात गोंडी व माडिया बोलणारा मोठा समाज असल्याने भाषांतराची सोय तेथे विशेष महत्त्वाची ठरते. अधिनियमातील ‘न्यायालय’ या संज्ञेत न्यायाधिकरणेही येतात. याखेरीज, महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोट यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे.

स्थानिक संदर्भ

वरोरा परिसरात शेती, जंगल आणि कोळसा खाणी एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे भूसंपादनाचा मोबदला, सातबारावरील नोंदी, बहिणींचा वारसाहक्क व वन्यप्राण्यांच्या हल्ल्यानंतरची नुकसानभरपाई हे प्रश्न कुटुंबाच्या उदरनिर्वाहाशी निगडित असतात. वन हक्क अधिनियम, २००६ नुसार ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागावी लागते.

वरोऱ्याजवळील आनंदवन हे कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे केंद्र बाबा आमटे यांनी उभारले. ते स्वतः वकील होते. कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये असल्याने त्या विधी साहाय्यास पात्र ठरू शकतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून अनेक वैयक्तिक कायद्यांत नमूद होते. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने ते वगळण्यात आले.

मुदतीचे महत्त्व

दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत देणे अपेक्षित असते. न्यायालय ही मुदत सामान्यतः ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रतिवादी गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊन घर वा जमीन गमावण्याचा धोका असतो. असा हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जासही ३० दिवसांची मुदत आहे. समितीकडे केवळ अर्ज केल्याने या मुदती आपोआप थांबत नाहीत. म्हणून विधी साहाय्याची उपयुक्तता ते किती लवकर मिळते यावरही अवलंबून असते.

लोकअदालत

तडजोडयोग्य वाद लोकअदालतीत मिटविता येतात. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो व प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. केवळ मर्यादित कारणांवरून उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यामुळे दुर्बल पक्षकाराने संमती देण्यापूर्वी तडजोडीच्या अटी समजून घेणे आवश्यक ठरते. संमती न झाल्यास प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे जाते.

अर्जाची पद्धत

अर्ज तालुका समितीकडे अथवा चंद्रपूर येथील जिल्हा प्राधिकरणाकडे करता येतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचे तोंडी निवेदन नोंदवून घेतले जाते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. अर्ज नाकारला गेल्यास प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते.